आज कुणाचा बाजार?

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेफर्टनं १९४३ साली सहा दीर्घिकांचा अभ्यास छापला. माउंट विल्सनच्या दुर्बिणींनी टिपलेले त्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणारे पट्टे, त्यानं बारकाईनं तपासले होते. सहाही दीर्घिकांचा गाभा लहान आणि विलक्षण तेजस्वी. त्या गाभ्यातून येणाऱ्या प्रकाशात तापलेल्या वायूच्या ठळक रेषा होत्या, आणि त्या इतक्या रुंद की तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं धावत असला पाहिजे. साध्या ताऱ्यांच्या गर्दीतून असं काही निघत नाही. या कामाचं खरं महत्त्व जगाला कळायला पुढं वीस वर्षं गेली. सेफर्ट ते पाहायला उरला नाही, १९६० साली मोटार अपघातात तो गेला.

त्या सहांतल्या दोघींना मी नेहमी एकमेकींशी ताडून पाहतो. एक एम ७७, तिमिंगल तारकासमूहातली. दुसरी एनजीसी १२७५, ययातीमधली. पहिली एका लहानशा गटात राहते, भोवती मोजक्याच दीर्घिका. दुसरी हजाराहून जास्त दीर्घिकांच्या गुच्छाच्या अगदी मधोमध बसलेली. दोघींच्या गाभ्यात प्रकार मात्र तोच: प्रचंड वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून उजळलेला वायू. असा गाभा पेटलेल्या दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. एकीला शेजार जेमतेम, दुसरीला शेजाराची दाटी. मग गाभा पेटण्याचा शेजाराशी काही संबंध आहे की नाही?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो, आणि हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात घर करून आहे. वाचत गेलो तसं त्याचं उत्तर पालटत गेलं. आज जिथं येऊन पोचलोय ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण सक्रिय दीर्घिकांबद्दल मराठीत जे येतं त्यात कृष्णविवर असतं, त्याची भूक असते, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सुटणारे झोत असतात. शेजार कुठंच नसतो.

खरं तर शेजारी कुणाला म्हणायचं यावरच एके काळी मोठा वाद झाला. १९६३ साली मार्टेन श्मिटनं ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचा वर्णपट उलगडला. रेषा तांबड्या टोकाकडे जवळपास १६ टक्क्यांनी सरकलेल्या निघाल्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात; ती जितकी जास्त, तितकी वस्तू लांब. विश्वाच्या प्रसरणाचा नियम लावला तर ही वस्तू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून लांब ठरते, आणि इतक्या लांबून ती एवढी उजळ दिसायची तर तिचं तेज एका अख्ख्या दीर्घिकेच्या कितीतरी पट हवं. अशा वस्तूंना पुढं क्वेसार हे नाव पडलं. हॅल्टन आर्प या खगोलशास्त्रज्ञाला ही अंतरं पटेनात. क्वेसार जवळच्या दीर्घिकांच्या आसपास सापडतात, ते त्यांच्यातूनच बाहेर फेकले गेले असावेत आणि त्यांच्या ताम्रसृतीचं कारण वेगळंच असावं, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. आपल्या जयंत नारळीकरांनी आर्पच्या निरीक्षणांना गांभीर्यानं घेतलं आणि कणांचं वस्तुमान काळानुसार वाढतं असं धरून त्यांचं गणित मांडून दाखवलं. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तरांना खगोलशास्त्र मराठीत वाचायची सवय त्यांनीच लावली, म्हणून या वादाकडे मी आपुलकीनं पाहतो.

वादाचं पारडं फिरवणारा एक पुरावा शेजाऱ्यांनीच दिला. १९७८ साली अ‍ॅलन स्टॉकटननं काही क्वेसार निवडले आणि त्यांच्याभोवतीच्या फिकट दीर्घिकांचे वर्णपट घेतले. त्यांतल्या कितीतरी दीर्घिकांची ताम्रसृती त्या त्या क्वेसारइतकीच भरली. म्हणजे क्वेसार त्याच अंतरावर, त्याच वस्तीत राहणारे. नारळीकर-आर्प यांची बाजू मागे पडली, पण प्रश्न विचारण्याची त्यांची तऱ्हा मला आजही बरोबर वाटते: ही वस्तू कुणाच्या सोबत आहे ते आधी दाखवा, मग तिच्याबद्दल बोला.

सोबत ओळखणं सोपं नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर डोक्यावर येणारी एनजीसी ४१५१ घ्या. हीसुद्धा सेफर्टच्या सहांतली. फोटोत तिच्या अगदी कडेला एनजीसी ४१५६ नावाची देखणी सर्पिल दीर्घिका दिसते. पाहणारा सहज म्हणेल, ही बघा शेजारीण. ताम्रसृती मोजली तर ती एनजीसी ४१५१ च्या कितीतरी पट लांब निघते. आपल्या नजरेच्या रेषेत दोघी आल्या, एवढाच त्यांचा संबंध. म्हणून शेजार मोजायचा तर दिशेसोबत खोलीही हवी, आणि ती हजारो-लाखो दीर्घिकांची हवी.

ही खोली कशी मोजली गेली ते वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटला अडीच मीटर व्यासाची एक दुर्बीण आहे. दीर्घिकांची अशी मोजदाद करणारं स्लोन सर्वेक्षण तिच्यावर चाललं. आकाशाच्या एकेका तुकड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक मोठी गोल प्लेट घ्यायची आणि ज्या दीर्घिकांचे वर्णपट हवेत त्यांच्या नेमक्या जागी तिला भोकं पाडायची. सुरुवातीच्या प्लेटांना ६४० भोकं असत. दिवसा माणसं बसून एकेका भोकात हातानं काचतंतू खोवत. रात्री ती प्लेट दुर्बिणीला लावली की एकेका तंतूतून एकेका दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकात उतरायचा. दुसऱ्या दिवशी नवी प्लेट, पुन्हा ६४० तंतू. वर्षानुवर्षं हे चाललं. यात एक अडचण होती. तंतूच्या टोकाला जाडी असते, त्यामुळे एका प्लेटवर दोन तंतू ५५ विकलांहून (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळ बसवता येत नसत. म्हणजे नेमके अगदी खेटून राहणारे शेजारीच मोजणीतून सुटायचे! त्यांचा हिशेब वेगळ्या रीतीनं भरून काढावा लागतो. अशा तपशिलांमुळे माझा या आकड्यांवर विश्वास बसतो. कुणीतरी तंतूच्या जाडीचाही विचार केलेला असतो.

मोजणीची मूळ रीत त्याआधीची. १९७० च्या दशकात जिम पीबल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. पीबल्सना २०१९ साली नोबेल मिळालं. कुठलीही एक दीर्घिका घ्यायची. तिच्यापासून अमुक अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता किती, ते मोजायचं. मग दीर्घिका अवकाशात कशाही विखुरलेल्या असत्या तर ही शक्यता किती असती, ते काढायचं आणि दोन्ही ताडून पाहायच्या. साध्या दीर्घिकांसाठी सुमारे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांवर ती दुप्पट भरते, आणि जसजसं जवळ यावं तसतशी झपाट्यानं वाढते. सक्रिय दीर्घिका संख्येनं कमी, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या जोड्या पुरत नाहीत. मग सक्रिय दीर्घिका मधोमध धरायची आणि तिच्याभोवती साध्या दीर्घिका मोजायच्या. आणि इथं खरी मेख आहे: तुलना कुणाशी करायची? सक्रिय दीर्घिका बहुधा वजनदार असतात, आणि वजनदार दीर्घिकांना तसाही शेजार जास्त असतो. तेव्हा प्रत्येक सक्रिय दीर्घिकेसाठी तिच्याच अंतराची, तिच्याच वजनाची, तिच्याच बांध्याची, पण गाभा शांत असलेली जोडीदार शोधावी लागते.

मधल्या एका डिसेंबरात शाळेची दुर्बीण घेऊन आम्ही गावाबाहेरच्या वावरात गेलो होतो. त्या आठवड्यात शेतीची लाइन रातची होती, त्यामुळे पलीकडच्या धुऱ्यावर हरभऱ्यात तुषारचे पाइप हलवणं चाललं होतं. त्या भाऊंना हाक मारून बॅटरी जरा वेळ बंद ठेवायला सांगितली. तिमिंगलातल्या डेल्टा ताऱ्यापासून जेमतेम एक अंश सरकलं की एम ७७ सापडते. मधोमध टोकदार उजेड आणि भोवती धूसर गोल. तिथून अर्ध्या अंशावर, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतक्या अंतरावर, एनजीसी १०५५. ती फिकट आणि लांबोडकी, आडव्या नजरेनं पाहिलं तरच जाणवणारी. ही मात्र खरोखरची शेजारीण, एकाच गटातली. दोघींचा प्रकाश जवळपास साडेचार कोटी वर्षं चालून आमच्या डोळ्यांत येत होता. नववीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "सर, बाजूचीनं धक्का देल्ला म्हणून हे पेटली का?"

याहून नेमका प्रश्न मला विचारता आला नसता. खगोलशास्त्रज्ञांनीही अनेक वर्षं हेच धरलं होतं. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या किंवा धडकल्या की त्यांच्यातला वायू ढवळला जातो, फिरण्याचा जोर गमावून केंद्राकडे उतरतो आणि कृष्णविवराला खाद्य मिळतं. यात भौतिकशास्त्राची चूक काहीच नाही. धूळ आणि वायूनं लडबडलेल्या, अवरक्त प्रकाशात अफाट तळपणाऱ्या दीर्घिकांमध्ये धडकेच्या खुणा स्पष्ट दिसतात. पण हा नियम सगळ्यांना लागू आहे का?

२००६ साली चेंग ली, गिनेव्हिअर कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातल्या सुमारे ९० हजार सक्रिय दीर्घिकांवर वर सांगितलेली जोडीदाराची रीत चालवली. खूप मोठ्या अंतरांवर सक्रिय आणि शांत दीर्घिकांचा शेजार सारखाच निघाला. काही लाख ते तीस-चाळीस लाख प्रकाशवर्षांच्या टप्प्यात सक्रिय दीर्घिकांना शेजारी उलट थोडे कमीच होते. अगदी जवळ, दोन-तीन लाख प्रकाशवर्षांच्या आत, त्यांचं पारडं किंचित जड भरलं. पण ते किती? शंभरातल्या एखाद्या सक्रिय दीर्घिकेला एखादा जास्तीचा शेजारी, इतकंच. म्हणजे धक्क्यानं पेटणाऱ्या दीर्घिका असतील, पण त्यांच्यावरून बाकीच्यांचा हिशेब लागत नाही. मधल्या टप्प्यातली घट का, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं. प्रत्येक दीर्घिका कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणानं जाणवणाऱ्या द्रव्याच्या, एका मोठ्या प्रभामंडलात राहते. काही दीर्घिका त्या मंडलाच्या मधोमध असतात, तर काही दुसऱ्या कुणाच्या तरी मंडलात कडेनं फिरत असतात. सक्रिय दीर्घिका आपल्याच मंडलाच्या केंद्रस्थानी असण्याचा संभव जास्त. वायू केंद्राकडे उतरतो, म्हणून गाभ्याला तो तिथं मिळतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शेजाराच्या मोजणीतून प्रभामंडलाचं वजन कळतं. जड मंडलं विश्वात दाटीवाटीनं असतात, हलकी मंडलं विरळ. निक कायसरनं १९८४ साली दीर्घिकागुच्छांच्या बाबतीत यामागचं गणित दाखवून दिलं. कृष्णद्रव्य दिसत नाही, पण एखादी वस्तू किती दाट वस्तीत राहते यावरून तिचं अदृश्य घर केवढं आहे ते काढता येतं. ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीवरून वीस हजारांवर क्वेसार मोजले गेले तेव्हा त्यांच्या घराचं वजन काही लाख कोटी सूर्यांइतकं भरलं. आपल्या आकाशगंगेच्या मंडलाच्या काही पट, बस. आणि अब्जावधी वर्षांपूर्वीचे क्वेसार घ्या की अलीकडचे, हे वजन जवळपास तेच राहिलं.

पण तेवढ्या वजनाची मंडलं विश्वात क्वेसारांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मग बाकीच्यांचं काय?

आमच्या गावचा बाजार मंगळवारचा. सकाळी आठपासून मैदानावर ताडपत्र्या ताणल्या जातात. एका कडेला मिरच्यांचे ढीग, दुसऱ्या कडेला कपड्यांची दुकानं, मधून भज्यांच्या कढईचा धूर. बुधवारी त्याच मैदानात मुळ्याचा पाला खाणाऱ्या गाई. समजा, एखादा परका माणूस मंगळवारी एकदाच आमच्या तालुक्यावरून गेला. त्याला हे गाव गजबजलेलं दिसेल आणि आमच्याएवढीच दुसरी गावं सुनी दिसतील. आमचं गाव काही वेगळ्याच जातीचं आहे, असं तो समजेल. पण त्यानं आजूबाजूला पाहिलं, प्रत्येक गावाभोवती किती वाड्या, कोलामांचे किती पोड, बंजाऱ्यांचे किती तांडे आहेत ते मोजलं, तर गजबजलेल्या गावाचा परिसर आणि त्या सुन्या गावांचा परिसर सारखाच आहे हे त्याच्या ध्यानात येईल. आणि अशा सात गावांत एकच गजबजलेलं आहे हे दिसलं, की तिथं एकही रात्र न काढता त्याला सांगता येईल, यांतलं प्रत्येक गाव सातातला एक दिवस असंच गजबजतं.

क्वेसारांचं आयुष्य याच तर्कानं काढतात. तेवढ्या वजनाची मंडलं किती आणि त्यांतल्या कितींत क्वेसार पेटलेला आहे, या गुणोत्तरावरून एक क्वेसार एकूण किती काळ तेवत असेल ते येतं: दहा लाख ते दहा कोटी वर्षं. दीर्घिकेचं वय अब्जावधी वर्षांचं, त्यापुढं हे काहीच नाही. सक्रिय दीर्घिका ही दीर्घिकांची वेगळी जात नव्हे. ती एक पाळी आहे. गाभ्यात मोठं कृष्णविवर असलेल्या दीर्घिकांवर ती कधीतरी येते आणि जाते. आपण पाहिलं तेव्हा एम ७७ ची चालू होती. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी शांत दीर्घिकांचे फोटो नव्यानं काढून पाहिले. त्यांच्यातली प्रत्येक मला वेगळी दिसायला लागली.

पाळी संपलेली एक दीर्घिका तर आपल्यासमोर आहे. २००७ साली हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला 'गॅलक्सी झू' या लोकसहभागाच्या उपक्रमात फोटो चाळताना आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी वायूचा एक चमकता ढग दिसला. त्याला उजळवायला क्वेसारइतकं तेज लागतं, आणि दीर्घिकेच्या गाभ्यात तर आज तसं काही नाही. गाभा मंदावला, पण त्यातून आधीच निघालेला प्रकाश हजारो प्रकाशवर्षं चालून ढगापर्यंत पोचला आणि अजून त्याला उजळवतो आहे. गाभा गेल्या दोनेक लाख वर्षांच्या आतच मंदावला असला पाहिजे. शाळेतल्या एका बाईंनी घरबसल्या हे शोधलं, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो.

सगळेच मात्र पाळीनं चालत नाहीत. रेडिओ लहरींत जोरदार बोलणाऱ्या दीर्घिका मोजल्या तर त्यांचा शेजार सर्वांत दाट भरतो आणि त्यांच्या घराचं वजन दहा लाख कोटी सूर्यांच्या पुढं जातं. आठवडी बाजाराच्या हिशेबात बोलायचं तर ही तालुक्याची ठिकाणं, इथं दुकानं रोज उघडतात. गुच्छाच्या मधोमध बसलेली एनजीसी १२७५ यांतलीच. तिच्या गुच्छातला वायू काही कोटी अंशांना तापलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी थंड होऊन केंद्राकडे उतरत नाही. थोडा थंड होतो, तंतूंच्या रूपात खाली येतो, कृष्णविवर त्यातून झोत सोडतं आणि हे झोत भोवतीच्या वायूत प्रचंड बुडबुडे फुगवून त्याला पुन्हा तापवतात. आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव लाभलेल्या चंद्रा वेधशाळेच्या क्ष-किरण चित्रांत हे बुडबुडे आणि त्यांच्यापासून पसरणाऱ्या लाटा दिसतात. खादाडीला लगाम आहे, म्हणून हे शतकानुशतकं नव्हे, अब्जावधी वर्षं चालतं. अशा रेडिओ दीर्घिका ऐकण्यासाठी जगात ज्या थोड्या उत्तम जागा आहेत, त्यांतली एक नारायणगावजवळ खोडदला आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली.

आणि वस्ती म्हणजे केवढी, हे पाहायचं तर पुण्याच्या आयुका आणि आयसर संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलेला सरस्वती महागुच्छ पाहावा. मीन राशीच्या दिशेला, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. तोही स्लोनच्या त्याच मोजणीतून वर आला.

नववीतल्या त्या मुलीनं परवा वर्गात विचारलं, "मंग सर, आपली पाळी कवा?" आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर ४० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे, सध्या जवळजवळ उपाशी. पण २०१० साली फर्मी उपग्रहाच्या मोजणीत आकाशगंगेच्या पातळीच्या वर आणि खाली, प्रत्येकी २५ हजार प्रकाशवर्षं उंचीचे गॅमा किरणांचे दोन फुगे सापडले. ते या कृष्णविवराच्या काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून उठले असावेत, हे त्यांचं एक स्पष्टीकरण. पुढची पाळी कशानं येईल? देवयानी दीर्घिकेशी धडक ठरलेलीच आहे असं पाठ्यपुस्तकं म्हणत आली, पण २०२५ मधल्या एका मोठ्या गणितानं येत्या दहा अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच दाखवली. त्याआधी दुसराच एक शेजारी येऊन पोचेल. डरहॅम विद्यापीठातल्या गटाच्या २०१९ च्या हिशेबानुसार मोठा मॅगेलन मेघ ही आपल्याजवळची लहान दीर्घिका दोन-अडीच अब्ज वर्षांनी आपल्या आकाशगंगेत कोसळेल आणि तिच्या वायूनं मधलं कृष्णविवर पुन्हा पेटेल. म्हणजे आपल्यापुरता तरी तिचा धक्क्याचा तर्क बरोबर निघू शकतो, असं मी तिला सांगितलं. तिला तो मेघ लगेच दुर्बिणीतून पाहायचा होता. यवतमाळहून तो क्षितिजाला जेमतेम टेकतो, नीट पाहायचा तर कन्याकुमारीच्या बाजूला उतरावं लागतं.